शब्दचर्चा: वायीलात्पुला जे घडलं त्याला मराठीत काय म्हणावं?

भटकभवानी:
वॉशिंग्टन राज्यात वाला वालाजवळचं व्हिटमन मिशन पाहून आले. प्रवासवर्णन लिहायला घेतलं आणि सुरुवातीलाच अडले. डॉ. मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन या जोडप्याने १८३६ साली कायूस या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या मुलखात, वायीलात्पुला मिशन थाटलं. १८४७ साली गोवराची साथ आली, आसपासचे जवळपास निम्मे कायूस दगावले. २९ नोव्हेंबरला काही कायूसांनी मिशनवर हल्ला केला. तेव्हा आणि पुढच्या काही दिवसांत व्हिटमन नवरा-बायकोसह १३ जण मारले गेले. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या चालीवर 'हत्याकांड' लिहू का? आणि 'फ्रंटियर'ला 'सीमेवरचं मिशन' चालेल?

खडूफळा:
सीमा नको. मराठी माणसाला सीमा म्हटलं की बेळगाव आठवतं, नाहीतर सियाचीन. अमेरिकेतलं फ्रंटियर म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीची पुढेपुढे सरकणारी कड. कायूसांसाठी तो ऐन घरचा मुलूख होता. सरळ 'कायूस मुलखातलं मिशन' म्हणा. 'मिशन'ला हात लावू नका, नगर-मिरजेकडे तो शब्द कधीच मराठी झालाय.

नगरकर:
नगरचं नाव निघालंच आहे म्हणून. व्हिटमनना पाठवणारं बोस्टनचं अमेरिकन बोर्ड (ख्रिस्ती मिशनरी संस्था) म्हणजे आपल्याकडे १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आलेलंच बोर्ड. १८४२ साली नगरहून त्यांचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागलं, आणि त्याच साली बोर्डाने वायीलात्पु बंद करायचं ठरवलं होतं! व्हिटमन भर थंडीत खंड ओलांडून पूर्वेला गेले, तो निर्णय फिरवून घेतला आणि १८४३ साली परतले ते वसाहतीला निघालेल्या हजारभर गोऱ्यांच्या तांड्यासोबत. कायूसांचं मन तिथून जास्त फिरलं. त्यामुळे नुसतं 'धर्मप्रसारक' लिहिलंत तर अर्धी गोष्ट गाळल्यासारखं होईल.

'हत्याकांड'बद्दल: जालियनवाला बाग, खैरलांजी आठवून आपण त्यात 'बलवानाने दुबळ्याला मारलं' असा अर्थ भरतो. पण पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरणही हत्याकांडच. शब्द क्रौर्य सांगतो, कोण बलवान ते सांगत नाही. मिशनच्या आसऱ्याला राहिलेली सेगर कुटुंबातली दोन पोरकी मुलंही त्यात मारली गेली, हे विसरू नये. मला शब्द चुकीचा वाटत नाही.

चिकित्सक:
मला वाटतो. तुम्ही एका दिवसाला 'हत्याकांड' म्हणता, मग त्याआधीच्या महिन्यांना काय म्हणणार? 'साथ'? गोऱ्यांची बहुतेक मुलं बरी होत होती आणि कायूसांची मरत होती. डॉक्टर विष घालतो असा संशय पसरला. रोगी दगावला तर वैद्याचा जीव घेण्याची त्यांच्यात रीतही होती. मी तर म्हणेन, १८९७ सालच्या पुण्यासारखंच: साथ, परका अंमलदार, संताप, गोळी, फाशी. आपण 'रँडचा वध' म्हणतोच ना?

नगरकर:
रँड घरं तपासायला बंदोबस्त घेऊन फिरत होता, व्हिटमन आजाऱ्यांच्या उशाशी बसत होते. ही तुलना मला पटत नाही. आणि 'वध' म्हणजे निकालच दिला की. अफझलखानाचा होतो, कीचकाचा होतो. नार्सिसाचा 'वध' लिहून पाहा बरं!

चिकित्सक:
बरं, 'वध' मागे. पण मग ३ जून १८५०चंही जपून लिहा. ऑरेगॉन सिटीत पाच कायूसांना फाशी दिलं. त्यांतला कियामासुम्किन आपण तिथे नव्हतोच म्हणत होता. 'हत्याकांडातील दोषींना शिक्षा' असं छापलंत तर खटल्याबद्दल शंका घ्यायला जागाच उरत नाही. 'पाच जणांना फाशी दिली' एवढं पुरे.

भटकभवानी:
तिथे टेकडीवर १८९७ सालचा स्मारकस्तंभ आहे (तेच साल!), खाली मारल्या गेलेल्यांची एकत्र कबर, आणि जुन्या इमारतींच्या नुसत्या जमिनीवर आखलेल्या खुणा. कबरीला 'समाधी' म्हणू का?

खडूफळा:
कबरच. समाधी म्हटलं की लोक नारळ घेऊन जातील. मथळ्यात '१८४७चा हल्ला' आणि मजकुरात 'मारले गेले' लिहा. 'हत्याकांड' शब्द आलाच तर तो कोण वापरायचं, हे त्याच वाक्यात सांगा. 'रेड इंडियन' मात्र कुठेही नको. 'कायूस', 'कायूसांनी', 'कायूसांचा' असं मराठीत सहज चालतं. ते लोक आजही आहेत, १८५५च्या तहानंतर उमाटिला राखीव क्षेत्रात गेले. तेव्हा 'होते' लिहिताना क्रियापदाचा काळ तपासा.