गावच्या घरी वायफाय आलंय, आईचा फोन कसा लावून देऊ?

डोंबिवली_फास्ट
राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी फायबर आलं. आई तिथे एकटीच असते. घर जांभ्याचं, भिंती हातभर जाड, माजघरात मोबाइलला रेंजच नाही. फोन करायचा तर खळ्यात तुळशीपाशी उभं राहायचं, आणि पावसात तेही गेलं. तिच्याकडे साधा अँड्रॉइड आहे, वायफाय कधी वापरलेलं नाही. गणपतीत जातोय, तेवढ्यात काय काय करून ठेवू? चार अँटेनावाला नवा राऊटर घेऊन जाऊ का?

रेंजवाला
राऊटरवर एवढ्यात पैसे घालू नका, आधी त्याची जागा बघा. वायर जिथून आत येते तिथेच, टीव्हीच्या पाठी डबा ठोकून केबलवाले मोकळे होतात. माजघराच्या दारासमोर, डोक्याच्या उंचीवर घ्यायला लावा. सिग्नल दारातून जाईल, जांभ्यातून फारसा जाणार नाही.
फोनमध्ये बहुधा दोन नावं दिसतील, एकाच्या शेवटी '५जी'. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. वेग चांगला, पण जाड भिंत आली की ढेपाळतो. आईला दुसरं, २.४ गिगाहर्ट्झवालं जोडून द्या. व्हिडिओ कॉलला तेवढा वेग पुष्कळ झाला.

संकासुर
राऊटरच्या पाठीवर चिकटवलेला पासवर्ड बदलाच. आणि तो आईला टाइप करायला लावू नका. तुमचा फोन आधी जोडा, मग त्यातल्या वायफायच्या नावावर जाऊन 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड येतो. अँड्रॉइड १० पासून ही सोय आहे. आईच्या फोनने स्कॅन केला की झालं. त्याच कोडचा प्रिंट कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवा, उद्या नवा फोन घेतला तर कामाला येईल. ओटीवर लावू नका, अख्खी वाडी जोडली जाईल.

माहेरवाशीण
खरं काम कोणी सांगितलंच नाही. वायफाय कॉलिंग चालू करून द्या!

डोंबिवली_फास्ट
म्हणजे व्हॉट्सॲप कॉलच ना? तो येतो तिला.

माहेरवाशीण
नाही हो. हा तिच्या नेहमीच्या नंबरवरून होणारा साधा कॉल, फक्त टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो. समोरच्याकडे काहीही लागत नाही, त्यामुळे डॉक्टर, गॅसवाला, बँक, सगळ्यांचे फोन माजघरात येतात. एअरटेलने हे डिसेंबर २०१९ मध्ये आणलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये. वेगळे पैसे नाहीत, पण सिमचा रिचार्ज जिवंत हवा. "आता वायफाय आहे, रिचार्ज कशाला" असं आई म्हणणारच, तेव्हा ऐकू नका.
सेटिंगमध्ये सिमच्या पानावर 'वायफाय कॉलिंग' सापडेल, काही फोनांत ते डायलरच्या सेटिंगमध्ये असतं. तिथे व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोयही चालू आहे ना ते बघा. दिसतच नसेल तर फोन अपडेट करून पुन्हा शोधा. फार जुन्या फोनांत ही सोयच नाही.
यूपीआयची नोंदणी मात्र खळ्यात उभं राहूनच करा. तेव्हा फोनमधून एसएमएस जावा लागतो, त्याला रेंज असलेली बरी.

रेंजवाला
हे माझ्याकडून राहिलंच होतं, एकदम बरोबर.

संकासुर
आणि लाइट? पावसाळ्यात राजापुरात लाइट जाणार म्हणजे जाणार, लाइट गेली की राऊटर बंद आणि आई परत खळ्यात. राऊटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा डबा मिळतो, पुस्तकाएवढा. घेण्याआधी राऊटरच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक १२ व्होल्टचा असतो. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. केबलवाल्याच्या टोकाला बॅटरी आहे का तेही विचारा, नाहीतर तुमचा डबा चालू आणि नेट बंद. विजा चमकायला लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढायला आईला सांगून ठेवा.

पोफळी
एक बारीकशी गोष्ट. वायफाय मिळालं की व्हॉट्सॲप फोटो-व्हिडिओ सगळं आपोआप उतरवतं. सुप्रभातवाल्या मंडळींमुळे महिन्याभरात फोन भरेल आणि आई म्हणेल वायफायने फोन बिघडवला. व्हॉट्सॲपच्याच स्टोरेजच्या सेटिंगमध्ये वायफायसाठी फक्त फोटो ठेवा.

डोंबिवली_फास्ट
लावून आलो. राऊटर दारासमोर, २.४ जोडलं, वायफाय कॉलिंग सुरू. मावशीचा फोन चुलीपाशी घेतला तिने! एकच अडचण: बोलत बोलत खळ्यात गेली की कॉल तुटतो.

माहेरवाशीण
खळ्यात वायफाय संपत येतं आणि टॉवरही धड नसतो, मधल्या मध्ये कॉल पडतो. वायफाय कॉलिंगच्याच पानावर बहुतेक फोनांत प्राधान्य निवडता येतं, तिथे 'वायफाय' ठेवा, म्हणजे घरात असताना फोन उगाच टॉवरकडे पळणार नाही. बाकी आईंना सांगा, बोलायचं तर आता पडवीत बसूनच.

डोंबिवली_फास्ट
सांगितलं. म्हणाली, फिरल्याशिवाय बोलताच येत नाही मला. खळ्यापर्यंत वायफाय न्यायला काय लागेल?

रेंजवाला
पडवीत दुसरा राऊटर, पहिल्यापासून वायर ओढून, ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायचा, म्हणजे वायरने आलेलं नेट तो तिथून वायफायने पसरवतो. नाव-पासवर्ड तेच ठेवा. आता खुशाल घ्या चार अँटेनावाला.