शब्दचर्चा : मेंदूला ‘सूज’ की ‘दाह’?

भुसावळकर : मोठी माय (आमच्याकडे आजीला असंच म्हणतात) ८१ वर्षांची. लघवीत इन्फेक्शन झालं. ताप फारसा नव्हता, पण दोन रात्री भलतंच बोलत होती. वारलेल्या आजोबांना कापसाची गाडी जिनिंगला न्यायला सांगत होती. डॉक्टर म्हणाले, वयामुळे मेंदूत इन्फ्लमेशन लवकर भडकतं. काकांनी त्याचं मराठी केलं, ‘मेंदूला सूज’, आणि संध्याकाळपर्यंत यावल-फैजपूरचं सगळं गणगोत दारात! नेमका शब्द कोणता?

अमळनेरकर : ‘सूज’ नकोच. सेल्सस या रोमन लेखकाने इन्फ्लमेशनची चार लक्षणं सांगितली : लाली, सूज, उष्णता, वेदना. सूज त्यातली फक्त एक. तुम्ही म्हणता त्या प्रकारात मेंदू फुगलेला नसतो. कोशात ‘शोथ’ आहे, पण शोथ म्हणजे पुन्हा सूजच. मी ‘दाह’ म्हणेन. अपेंडिसायटिसला आंत्रपुच्छदाह आपण म्हणतोच.

चोपडेकर : दाह म्हटलं की लोकांना ॲसिडिटी आठवते हो.

धुळेकर : आत काय घडतं ते आधी पाहू, शब्द मग सुचेल. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. तरुणपणी त्या संसर्गाची खबर लागली की उठतात, काम झालं की शांत होतात. वय झालं की आधीपासूनच अर्ध्या जाग्या, चिडक्या. जंतू मेंदूत शिरायलाही लागत नाहीत. मूत्राशयातल्या भांडणाची बातमी रक्तातल्या रसायनांतून आणि नसांवाटे वर पोचते आणि या पेशी गरजेपेक्षा जास्त आणि जास्त वेळ आरडाओरड करतात. गंमत अशी, की त्याच वयात लशीला मिळणारा प्रतिसाद मात्र मंदावतो. म्हणून नुसतं ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ म्हणणं अर्धवट आहे. वयाबरोबर शरीरभर राहणाऱ्या या मंद इन्फ्लमेशनला फ्रान्चेस्की या इटालियन संशोधकाने २००० मध्ये ‘इन्फ्लमेजिंग’ नाव दिलं. मराठीत मी ‘धुमसता दाह’ म्हणेन.

अमळनेरकर : ‘धुमसता’ झकास! पण तो रोजचा. त्या दोन रात्रींचं काय? तो भडका.

रावेरकर : त्याला जुना शब्द आहे की! ‘वात होणे’. तापात माणूस बरळायला लागला की गावात म्हणायचे, ‘मायले वात व्हयना.’ वैद्य ‘सन्निपात’ म्हणत. डिलिरियमला इतका नेमका शब्द असताना ‘संभ्रमावस्था’ कशाला? (आता वात म्हटलं की लोक गुडघे दाखवतात, ती गोष्ट वेगळी.) आणि ‘साठी बुद्धी नाठी’ इथे लावू नका. ते हळूहळू होतं, हे एका रात्रीत.

भुसावळकर : घरी ‘धुमसता दाह’ सांगून पाहिला. आई म्हणाली, “म्हणजे राखना खाले इंगळ शे?” तेवढ्यात खाटेवरून मोठी माय : “मंग फुका नको मारा कोनी.” औषधाचे तीन दिवस बाकी आहेत, पण आजोबांना हाका मारणं थांबलंय.