भूतानने चीनशी सीमाकरार केला तर दिल्लीने आडवं यावं का?

धरमपेठकर (धागाकर्ता)

रविवारी धरमपेठेत आमच्या अभ्यासवर्गात भूतानवर चर्चा झाली. बहुतेकांचा सूर एकच होता: भूतान म्हणजे आपलाच, तो चीनशी परस्पर बोलतोच कशाला? मला हा सूर अजिबात पटला नाही, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

आधी आकार लक्षात घ्या. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहराची चोवीस लाख होती. क्षेत्रफळ साधारण ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाच्या निम्म्याहूनही कमी. उत्तरेला चीनच्या ताब्यातला तिबेट, उरलेल्या तिन्ही बाजूंना भारत. समुद्र नाही. चलन रुपयाशी एकास एक बांधलेलं. या देशाने १९५०च्या दशकात तिबेट गिळला जाताना पाहिला आणि १९७५ मध्ये शेजारचं सिक्कीम भारतात विलीन होताना पाहिलं. टिकून राहायचं, हेच त्यांच्या परराष्ट्र धोरणाचं पहिलं कलम आहे. बाकी सगळं त्यातून येतं.

१९४९ च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालण्याचं त्यांनी मान्य केलं. तरी १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत जागा मिळवली, तीही भारताच्याच पाठिंब्याने. २००७ मध्ये करार नव्याने झाला तेव्हा सल्ल्याचं कलम गेलं आणि एकमेकांच्या सुरक्षेला धोका होईल अशा कामासाठी आपली भूमी वापरू द्यायची नाही, एवढं बंधन राहिलं. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी एकाशीही भूतानने राजनैतिक संबंध ठेवलेले नाहीत. अमेरिकेला दार उघडलं की चीनला नाही म्हणायला तोंड राहत नाही, हे ते पुरतं ओळखून आहेत.

आता सीमा. चीनशी बोलणी १९८४ पासून चालू आहेत. १९९६ मध्ये चीनने अदलाबदल सुचवली: उत्तरेकडचा पासमलुंग आणि जकारलुंगचा ४९५ चौरस किलोमीटर भाग भूतानने ठेवावा, बदल्यात पश्चिमेकडचा २६९ चौरस किलोमीटर भाग सोडावा. या पश्चिमेकडच्या भागात डोकलाम येतं, म्हणजे भारत, चीन आणि भूतान यांच्या सीमा मिळतात तिथलं पठार. भूतानने ते स्वीकारलं नाही, आणि त्यामागे भारताची काळजी हे मोठं कारण होतं. मधल्या काळात काय झालं? उत्तरेकडच्या बेयुल खोऱ्यात चीनने ग्यालाफुगसारखी गावं वसवली. जून २०२० मध्ये तर पूर्वेकडच्या साकतेंग अभयारण्यावरही आक्षेप घेतला, जो भाग तोवरच्या बोलण्यांत कधी आलाच नव्हता. भूतान आपल्याखातर थांबला आणि थांबण्याची किंमत जमिनीने मोजतो आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन टप्प्यांच्या आराखड्यावर सह्या झाल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये बीजिंगला पंचविसावी फेरी झाली. यातून उत्तरेची सीमा ठरत असेल तर ती ठरू द्यावी. राजधानी थिंफूत चीनचा दूतावास आला तरी आपण आकाशपाताळ एक करू नये.

कामठी_निवृत्त

तुमचा अभ्यास चांगला आहे सर, पण तुम्ही नकाशा वरून बघता. मी तो खालून पाहिला आहे. दंतक प्रकल्पात, म्हणजे भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या भूतानमधल्या कामावर नोकरी केली, फुंत्शोलिंग ते थिंफू रस्त्यावर पावसाळे काढले. सोरचेनला डोंगर खाली आला की दोन्हीकडे ट्रकांच्या रांगा लागायच्या. डोझरवाला दरडीच्या खाली मशीन घालायचा आणि एक माणूस वर दगडावर नजर ठेवून शिटी तोंडात धरून उभा असायचा. शिटी वाजली की सगळं टाकून मागे पळायचं. तो रस्ता १९६० च्या आसपास आपण बांधायला घेतला. त्याआधी १९५८ मध्ये नेहरूंना भूतानला जायचं तर नाथुला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोड्यावरून पारोला जावं लागलं होतं. भारताच्या पंतप्रधानाला भूतान गाठायला तिबेटमधून जावं लागत होतं, यावर जरा विचार करा. भूतानचं तोंड दक्षिणेकडे वळलं ते या रस्त्यामुळे.

आता डोकलाम. २०१७ च्या जून महिन्यात चिनी तुकडीने डोकलाममध्ये रस्ता पुढे रेटायला घेतला, दिशा जंफेरी धारेची. त्या धारेवर जो बसला त्याला खाली सिलिगुडीची पट्टी दिसते. ती पट्टी अरुंद जागी बावीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिच्यावरून ईशान्येची सगळी रेल्वे, तेल, धान्य, फौज जाते. आपले जवान मध्ये उभे राहिले आणि २८ ऑगस्टपर्यंत हलले नाहीत. भूतानच्या परराष्ट्र खात्याने २९ जूनला निवेदन काढून सांगितलं की हा रस्ता १९८८ आणि १९९८ च्या लेखी समझोत्यांचा भंग आहे. मोजकं बोलले, पण वेळेवर बोलले. याबद्दल त्यांना मान दिलाच पाहिजे.

तुम्ही म्हणता उत्तर ठरू द्या, पश्चिम नंतर बघू. चीन तसं कधी करत नाही. त्याला उत्तरेतल्या कुरणांत रस नाही, ती हातात घेतली आहेत पश्चिमेसाठी. उत्तरेचं मान्य केलं की पश्चिमेचं बिल पुढ्यात येणार. तीन देश मिळतात त्या डोकलामच्या तिठ्याखाली आमो छू नदीकाठी पांगडा गाव उभं राहिलंच आहे.

अंबाझरी_वाचक

काका, तुमच्या सेवेबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोध करते. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि या विषयातलं मला सर्वांत खटकणारं पान २०१३ चं आहे. कुणीच ते काढलं नाही म्हणून लिहिते.

जून २०१२ मध्ये रिओच्या परिषदेत भूतानचे पंतप्रधान जिग्मे थिनले चीनचे वेन जियाबाओ यांना भेटले. त्यांच्या काळात भूतानने झपाट्याने नवे राजनैतिक संबंध जोडले होते, सुरक्षा परिषदेच्या तात्पुरत्या जागेसाठी उभंही राहिलं होतं. (ऑक्टोबर २०१२ च्या त्या मतदानात त्यांना फक्त २० मतं पडली. लहान देशाला जगात किती एकटं उभं राहावं लागतं ते यात दिसतं.) मग जुलै २०१३. भूतानमध्ये मतदानाची दुसरी फेरी तोंडावर आली होती आणि नेमक्या त्याच वेळी भारताकडून मिळणारं स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यांवरचं अनुदान बंद झालं. थिनलेंचा पक्ष हरला. नवं सरकार आलं आणि अनुदान परत सुरू झालं. आपल्याकडून सांगितलं गेलं की योजनेचा काळ संपला होता, तांत्रिक बाब होती. असेलही. पण ऐन निवडणुकीत ज्या बाईला सिलिंडरसाठी एकदम जास्त पैसे मोजावे लागले, तिला कोण समजावणार?

कुठल्याही मित्रदेशाच्या चुलीत असा हात घालायचा नसतो. तेव्हापासून तिथल्या शिकलेल्या तरुणांच्या मनात जी अढी बसली, ती कितीही कोटींच्या मदतीने निघणार नाही.

काटोलचा_बागायतदार

राजेहो, एवढं मोठं मोठं लिहून राहिले, पण आपल्या संत्र्याचं कोणी बोलूनच नाही राहिलं.

आमचा माल बांगलादेशात जायचा. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी, सगळ्या पट्ट्याचा मोठा गिऱ्हाईक तोच होता. २०१९ पासून त्यांनी आयातशुल्क वाढवत नेलं. आता बागेत किलोला जो भाव भेटते त्याच्याहून तिथलं शुल्क जास्त. मग तो माल नागपूरच्या कळमना बाजारात येते अन् भाव पडते. इकडं भूतान पाहा. त्याचंही संत्रं बांगलादेशातच जाते. त्यानं ६ डिसेंबर २०२० ले बांगलादेशाशी सवलतीच्या व्यापाराचा करार केला, बांगलादेशाचा कोण्या देशाशी असा पहिलाच करार. अन् तारीख कोणती धरली? १९७१ मध्ये ज्या ६ डिसेंबरले भूताननं बांगलादेशाले मान्यता दिली, तीच. जुना उपकार बरोबर वेळेवर कामाले आणला. आपण तर तिथं फौज लावली होती.

म्हणून मी म्हणतो, भूतानले बिचारा समजू नका. आपल्यापेक्षा लहान माणूस आपल्यापेक्षा नीट सौदा करून राहिला. पण धरमपेठकर सर, त्याचा ट्रक बांगलादेशात जाते तो आपल्याच जमिनीवरून, अन् त्याच्यावर आपण शुल्क लावत नाही. हे पण मोजा. नुसतं गॅसचं काढू नका.

अंबाझरी_वाचक

दादा, संत्र्याचा मुद्दा लाखमोलाचा. शुल्क न लावता वाट देण्याचा तो करार १९७२ पासून आहे आणि दोघांच्याही भल्याचा आहे. पण वीज बघा. १९८०च्या दशकातल्या ३३६ मेगावॉटच्या चुखा प्रकल्पाला भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिलं. पुढे पुनात्सांगछू-२ सारख्या प्रकल्पांत हे उलटलं, अनुदान ३० आणि कर्ज ७०. पुनात्सांगछू-१ च्या धरणाजागी डोंगराचा उतार सरकला आणि १२०० मेगावॉटचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, खर्च फुगत गेला. भूतानच्या परदेशी कर्जातला मोठा वाटा जलविद्युतचा आहे. गिऱ्हाईक एकच, सावकारही तोच. यातून बाहेर पडायची धडपड कुणीही करेल.

इंदोरा_चौक

थोडं वेगळं बोलतो. आम्हा नागपूरकर बौद्धांना भूतानची ओढ आहे. दीक्षाभूमीच्या गावात बौद्ध राष्ट्राबद्दल आपुलकी असणारच. तरी दक्षिण भूतानमधल्या नेपाळीभाषक लोकांबद्दल गप्प बसणं मला जमत नाही. १९९० नंतर एक लाखावर माणसं देशाबाहेर गेली आणि नेपाळच्या पूर्वेकडच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिली. जाताना ती भारताच्या भूमीवरून गेली. आपण म्हटलं, हा भूतान आणि नेपाळचा आपसातला प्रश्न. २००७ नंतर त्यांतले बहुतेक लोक अमेरिका आणि इतर देशांत वसवले गेले. २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांतल्या काहींना परत भूतानला धाडलं, तर तिथेही त्यांना थारा मिळाला नाही आणि ते फिरून नेपाळमध्ये पोचले.

बाबासाहेबांनी ज्या धम्माची दीक्षा दिली त्यात माणूस देशाच्या आधी येतो. लहान देशाला आपली ओळख जपायची भीती असते हे मी समजू शकतो. पण ज्यांच्या पणजोबांनी तिथली शेतं कसली त्यांना परके ठरवण्याचं समर्थन त्या भीतीने होत नाही. आपण चीनच्या प्रश्नावर थिंफूशी इतकं बोलतो, तर यावरही एकदा बोलायला हवं होतं.

कामठी_निवृत्त

इंदोरावाले भाऊ, तुमचं दुःख खरं आहे, त्यावर वाद घालत नाही. फक्त दुसरी बाजू ठेवतो. डिसेंबर २००३ मध्ये त्याच दक्षिण भूतानच्या जंगलात उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या ईशान्य भारतातल्या सशस्त्र बंडखोर संघटनांचे तळ होते. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः मोहिमेत उतरले आणि आठ-दहा हजारांच्या आसपासच्या सैन्याने ते तळ उखडले. आपल्यासाठी लढायला दुसरा कुठला शेजारी उतरला? म्हणून मी म्हणतो, नातं करारापेक्षा मोठं आहे, ते दिल्लीने जपावं आणि थिंफूनेही. बाईसाहेब, २०१३ ला जे झालं ते व्हायला नको होतं. पण त्या एका घटनेवरून डोकलाम सोडता येणार नाही.

धरमपेठकर (धागाकर्ता)

डोकलाम सोडा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तीन देश मिळतात तो बिंदू तिघांनी बसून ठरवायचा, हे भूतानचे तेव्हाचे पंतप्रधान लोटे शेरिंग मार्च २०२३ मध्ये एका बेल्जियन वृत्तपत्राला म्हणाले. त्यावर आपल्या वाहिन्यांवर केवढा गदारोळ! तिघांनी ठरवायचं म्हणजे आपल्याशिवाय ठरणार नाही, एवढंच ते सांगत होते.

आणि काकाजी, चीन उत्तरेचं वेगळं ठरवणार नाही हा तुमचा मुद्दा खरा असेल, तर भूतान ते चाळीस वर्षं अनुभवतो आहे. त्यांच्या राजनयावर भरवसा ठेवा. ज्यांनी १९९६ चा सौदा नाकारला ते दबावाशिवाय नाकारू शकतात.

अंबाझरी_वाचक

खरी परीक्षा सीमेवर नाही, गेलेफूला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राजे जिग्मे खेसर यांनी आसामच्या सीमेला लागून नवं शहर उभारायची घोषणा केली. तरुण मुलं-मुली ऑस्ट्रेलियाला निघून चालली आहेत, त्यांना थांबवायला कामं हवीत म्हणून. कोक्राझार ते गेलेफू रेल्वे भारत बांधणार आहे आणि तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी दहा हजार कोटी देऊ केले आहेत. हे मला मनापासून आवडलं. रस्ते आणि रूळ देणं हे अनुदान तोडण्यापेक्षा कितीतरी चांगलं धोरण आहे. पण उद्या त्या शहरात सिंगापूरमार्गे चिनी पैसा आला, तर २००७ च्या करारातलं सुरक्षेचं कलम त्याला लागू होतं का? हे आत्ताच बसून लिहून ठेवायला हवं.

कामठी_निवृत्त

लागू होतं. वीज, दूरसंचार यांत चिनी पैसा नको, बाकी हॉटेलं खुशाल बांधू द्या. दिल्लीने ही यादी थिंफूसोबत बसून करावी, वरून पाठवू नये. इथवर तुमच्याशी सहमत आहे.

काटोलचा_बागायतदार

रेल्वे होऊन राहिली तर मग त्याच्यात आमच्या संत्र्याचा पण डबा लावा न. भूतानमध्ये कारखाना टाकून रस काढला अन् तो तिथून बांगलादेशात गेला, तर सवलत त्याले लागू होते का, हे कोणी करारात पाहून सांगेल का? अंबिया बहार तोंडावर आला आहे.