मदत हवी आहे : कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या पेशींत हिफ-१ अल्फाचा बँडच येत नाही

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एकाच वेस्टर्न ब्लॉटपाशी (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर घेऊन अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) अडकले आहे. पेशी १ टक्का ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये सहा तास ठेवते, बाहेर काढते, फोडून लायसेट करते, वेस्टर्न टाकते. ॲक्टिन (तुलनेसाठी बघतो ते नेहमीचं प्रथिन) ठसठशीत येतं, पण हिफ-१ अल्फाच्या (ऑक्सिजन कमी पडला की लागणारी जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाच्या) जागी मेम्ब्रेन कोरं. साध्या इन्क्युबेटरमधल्या पेशींतही कोरं, चेंबरमधल्यांतही कोरं. अँटिबॉडी दोनदा बदलून झाली.

गंमत म्हणजे त्याच प्लेट्सच्या आरएनएमध्ये ग्लूट-१ आणि व्हीईजीएफ (हिफ चालू करतं त्यांतली दोन जनुकं) मस्त वाढलेले दिसतात. म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्याचं पेशींना कळलंय, दिसत नाहीये ते मलाच. हिफ-१ अल्फाचा स्वतःचा आरएनए मात्र दोन्हीकडे तेवढाच. आरएनए वाढत नाही तर प्रथिन वाढणार कुठून? मुळात माझी समजच चुकतेय का?

(यातल्या ऑक्सिजन ओळखणाऱ्या एन्झाइमचं नाव पीएचडी आणि माझी पीएचडी त्याच्याच पायी रखडलेली. यावरचे सगळे विनोद लॅबमध्ये करून झालेत, इथे नकोत.)

प्रतिसाद १

समज चुकतेय, पण थोडीच. ऑक्सिजन कमी झाला की पेशी हिफ-१ अल्फा बनवायला घेते, असं तुम्ही धरून चालला आहात. ती ते सदासर्वकाळ बनवतच असते आणि बनवल्या बनवल्या मोडतही असते. ऑक्सिजन कमी पडला की थांबतं ते मोडणं. म्हणून आरएनए तेवढाच राहतो.

मोडायची रीत अशी. पीएचडी एन्झाइम हिफच्या साखळीतल्या ४०२ आणि ५६४ क्रमांकाच्या प्रोलिनवर (एक अमिनो आम्ल) हायड्रॉक्सिल चढवतं. तो चढला की व्हीएचएल प्रथिनाला हिफ धरता येतं, युबिक्विटिनची माळ (मोडीत काढायची चिठ्ठी) लागते आणि प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रथिनं मोडायच्या यंत्रात, त्याचा भुगा होतो. आता तो हायड्रॉक्सिल येतो कुठून? थेट ऑक्सिजनच्या रेणूतून. त्यातला एक अणू प्रोलिनवर बसतो, दुसरा २-ऑक्सोग्लुटरेट या सोबतच्या रेणूवर जातो. ऑक्सिजन हाच या कामाचा कच्चा माल. माल नाही तर खूण नाही, खूण नाही तर व्हीएचएलला पकडता येत नाही. मग वाचलेलं हिफ केंद्रकात जाऊन हिफ-१ बीटा या भावंडाशी जोडी जमवतं आणि तुमचे ग्लूट-१, व्हीईजीएफ चालू करतं. प्रोलिनवरची ही खूण केलिन आणि रॅटक्लिफ यांच्या गटांनी २००१ मध्ये दाखवली. हिफ शोधणाऱ्या सेमेन्झांसोबत दोघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

मला यात सगळ्यात आवडणारा भाग वेगळाच आहे. पुष्कळशी एन्झाइमं थोड्याशा सबस्ट्रेटवर तृप्त होतात. पीएचडीची ऑक्सिजनची भूक मात्र ऊतींमध्ये असतो त्याहून कितीतरी मोठी, त्यामुळे त्याचं पोट कधी भरतच नाही. ऑक्सिजन जरा घटला की त्याचं काम त्या मानाने घटतं. तेवढ्यासाठीच ते मापक म्हणून चालतं.

आता खरा प्रश्न : चेंबरमधून प्लेट काढल्यापासून पेशींवर लायसिस बफर पडेपर्यंत किती वेळ जातो?

धागाकर्ती

चेंबर शेजारच्या खोलीत आहे. चार प्लेट्स एकदम काढून आणते, बाहेरच्या पीबीएसने (पेशी धुवायचं खारं द्रावण) दोनदा धुते, एकेक स्क्रॅप करते. दहा-बारा मिनिटं होत असतील. बफर टाकल्यावर लगेच बर्फावर ठेवते.

प्रतिसाद १

सापडला चोर. हवेत हिफ-१ अल्फाचं अर्धायुष्य साधारण पाच मिनिटं असतं. बारा मिनिटांत चौथा हिस्साही उरत नाही, त्यात तुमच्या पीबीएसमध्ये भरपूर ऑक्सिजन विरघळलेला. सहा तास जपलेलं तुम्ही बेसिनपाशी धुऊन टाकताय! आरएनए इतक्या पटकन संपत नाही, म्हणून तो शाबूत दिसला.

एका वेळी एकच प्लेट काढा. जमलं तर चेंबरमध्येच मीडियम ओढून गरम एसडीएस बफर थेट पेशींवर टाका. नाहीतर चेंबरमध्ये रात्रभर ठेवलेला पीबीएस बर्फावर गार करून घ्या. शिवाय एक प्लेट साध्या इन्क्युबेटरमध्येच १०० मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइड घालून चार तास ठेवा. पीएचडीच्या गाभ्यात लोह लागतं, कोबाल्ट तिथे खोडा घालतं. हवेत आणलं तरी तो बँड पटकन पळत नाही. तिथेही काही दिसलं नाही, तर मात्र अँटिबॉडी किंवा ट्रान्सफर तपासा.

प्रतिसाद २

एक भर. हिशेबाने हे प्रथिन ९३ किलोडाल्टनचं, पण जेलमध्ये ११०-१२० च्या आसपास धावतं. मेम्ब्रेन १०० पाशी कापून वरचा तुकडा टाकून देत नाही ना? मी दोन महिने तेच केलं होतं.

आणि मीडियम आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेवून द्या. इन्क्युबेटरमधून आलेल्या मीडियममधला ऑक्सिजन उतरायला बराच वेळ लागतो, थर जाड असेल तर आणखीच. घड्याळात सहा तास झाले तरी पेशींच्या वाट्याला तेवढे येत नाहीत.

धागाकर्ती

आठ दिवसांनी परत आले. मेम्ब्रेन कापत नव्हते, पण बाकी सगळं तंतोतंत लागू पडलं. चेंबरमध्येच लायसिस केलं. कोबाल्टला काळाकुट्ट बँड, १ टक्क्यालाही स्वच्छ, साध्या हवेत पुसटशी रेघ. मनापासून आभार!

पण २४ तासांचा बँड ६ तासांपेक्षा फिका आहे. दोनदा तसंच आलं. पुन्हा माझा हात कुठे चुकला?

प्रतिसाद १

यावेळी नाही. हिफ जी जनुकं चालू करतं त्यांत पीएचडी-२ आणि पीएचडी-३ पण आहेत. मोडणाऱ्यांची संख्या वाढली की उरल्यासुरल्या ऑक्सिजनवरही ते हिफला खाली ओढतात. ६ आणि २४ तासांच्या त्याच लायसेटवर पीएचडी-३ चा ब्लॉट टाका, २४ ला तो चढलेला दिसायला हवा.