नगरपंचायत-नगरपरिषद निवडणूक: मतदार म्हणून, उमेदवार म्हणून तुमचे अनुभव

लोकसभा-विधानसभेवर आपण तासन्‌तास बोलतो. नगरपंचायतीच्या निवडणुकीवर मात्र गावाबाहेर कुणी बोलत नाही, आणि गावात बोलायचं तर समोरचा कुणाचा पाहुणा निघेल याचा नेम नाही. 2 डिसेंबर 2025 ला राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचं मतदान झालं. त्याआधी कित्येक गावांत काही वर्षं प्रशासकच होता. नळाला पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं, हे लोकांना कळत नव्हतं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. तुम्ही मत दिलं असेल, फॉर्म भरला असेल, बूथवर बसला असाल, तर लिहा. माणसांची आणि गावांची नावं टाळा, बाकी सगळं मोकळेपणाने येऊ द्या.

सुरुवात मी करतो. माझा अनुभव मतदार यादीचा आहे. प्रारूप यादी लागली तेव्हा आईचं नाव आमच्या प्रभागात होतं आणि वडिलांचं ओढ्यापलीकडच्या. एकाच छपराखाली राहणारी माणसं! स्थानिक निवडणुकीची यादी वेगळी तयार होत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. ती फोडताना घरं इकडची तिकडे जातात. नवीन नाव या टप्प्यावर घालता येत नाही, पण चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव हरकत घेऊन परत आणता येतं. वीजबिल आणि प्रभागाचा नकाशा जोडून अर्ज दिला, पोच घेतली. अंतिम यादीत वडील आमच्याकडे आले. मागच्या गल्लीने हरकत घेतली नाही, ती अख्खी गल्ली ओढ्यापलीकडेच राहिली. आमच्याकडे दहा-वीस मतांवर सीट जाते, म्हणून ही गोष्ट मला प्रचारसभेपेक्षा मोठी वाटते.

माजी नगरसेविका, मराठवाडा

आमचा प्रभाग सोडतीत महिला राखीव निघाला. 2011 पासून निम्म्या जागा महिलांना आहेत, त्यामुळे चिठ्ठी निघाली की त्याच संध्याकाळी घराघरांत चर्चा सुरू होते. आमच्याकडेही मंडळी आली. यांच्याशी बोलली आणि जाताना मला म्हणाली, "वहिनी, तुमची फक्त सही लागेल." मी तिथेच सांगितलं, उभी राहीन तर दारोदार मीच फिरेन. सासूबाई आतून म्हणाल्या, "बरोबर बोलती ती." त्यांच्या त्या एका वाक्याने विषय संपला.

कागदांचं कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. पालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि पडताळणी, मालमत्ता व गुन्ह्यांचं शपथपत्र, खर्चासाठी वेगळं बँक खातं. 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली, असं निघालं तर अर्ज बाद. छाननीच्या दिवशी समोरच्या पॅनेलच्या वकिलाने माझ्या घरपट्टीवर हरकत घेतली. पावती पिशवीत होती. ती अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली, त्यांनी तारीख वाचली आणि अर्ज मंजूर केला.

दारोदार फिरताना पुरुष ओट्यावर बसवतात, बायका आत नेतात. आतलं बोलणं वेगळंच असतं. एकीने मला मोरीपाशी नेऊन दाखवलं. नवी गटार केली, पण उतार उलटा दिलेला. पाऊस आला की गल्लीचं पाणी तिच्या उंबऱ्यावर. तिने काठीने गटारीतला गाळ बाजूला करून पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते दाखवलं. बिल निघालेलं, काम पूर्ण म्हणून नोंदलेलं. निवडून आल्यावर पहिला अर्ज त्याच गटारीचा दिला, आणि ती उकरून पुन्हा करायला लावली.

आणखी एक. सभेच्या आधी आणि नंतर रजिस्टर घेऊन माणूस घरी सहीला यायचा, कारण आधीच्या बाया घरीच सह्या करायच्या. मी घरी सही केली नाही. सभेला जायचे, इतिवृत्त वाचायचे, मगच सही. सुरुवातीला यांना म्हणायचे, "वहिनींना समजवा." नंतर विषयपत्रिका मला वेळेवर मिळायला लागली.

अपक्ष उभा होतो, पश्चिम महाराष्ट्र

ताई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. आमच्याकडे उलटं झालं. माघारीच्या दिवशी सकाळपासून पाहुणे येऊन बसले. मामा, चुलते, बायकोकडचे. मुदत दुपारी तीनपर्यंत. कुणी धमकी दिली नाही, सगळे प्रेमानेच बोलत होते, "आपल्या घरात वाकडं नको." तीन वाजले तसे उठून गेले, चहासुद्धा घेतला नाही. चिन्ह कपबशी मिळालं.

नगरपंचायतीच्या सदस्याला खर्चाची मर्यादा 2 लाख 25 हजार होती, माझा खर्च त्याच्या आसपासही गेला नाही. पत्रकं, एक रिक्षा, पोरांचा वडापाव. तरी रोजचा हिशेब द्यावा लागतो, आणि निकालानंतर 30 दिवसांत पूर्ण हिशेब. पडलेल्या उमेदवारालाही तो चुकत नाही, नाहीतर पुढच्या वेळेला अपात्र ठरवू शकतात.

मला खरं बोलायचंय ते गुप्त मतदानाबद्दल. मतमोजणी 3 डिसेंबरला होती, ती उच्च न्यायालयाच्या आदेशाने 21 ला गेली. त्या दिवशी मोजणी यंत्रानुसार झाली, म्हणजे बूथवार. आमच्या प्रभागाला बूथ दोनच. कुठल्या वस्तीने कुणाला हात दिला हे टेबलापाशी बसलेल्या प्रत्येकाला कळलं. माणूस कळत नाही, पण गल्ली कळते. माझ्या मागे उभ्या राहिलेल्या वस्तीचं पाणी पुढच्या आठवड्यात अर्ध्यावर आलं. ते मुद्दाम झालं असं मी सिद्ध करू शकत नाही. पण मोठ्या मतदारसंघातल्या लोकांना ही भीती माहीत नाही आणि आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना ती पाठ आहे. सगळ्या बूथची मतं एकत्र करून मोजावीत, असं मला मनापासून वाटतं.

निवडणूक ड्युटी केलेला शिक्षक

बूथच्या आतलं थोडं सांगतो. मतदान साडेसात ते साडेपाच. आदल्या दिवशी साहित्य घेऊन शाळेत मुक्काम, पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी. नगरपरिषदेला मतदाराने एकच बटण दाबून चालत नाही. नगराध्यक्षाचं एक आणि प्रभागातल्या सदस्यांची वेगळी. आमच्या बूथवर तीन होती. सगळी दाबल्याशिवाय यंत्र वाजत नाही. आज्या एक दाबून निघायच्या, "झालं बाळा." मग इथूनच आवाज द्यायचा, "आजी, अजून दोन राहिली. कुणीच नको असेल तर नोटा दाबा, पण दाबा." आत जाऊन दाखवायची सोय नाही, मत त्यांचं. मागे रांग कुरकुरते. एका आजींनी तिन्ही बटणं दाबून बीप ऐकला आणि मला विचारलं, "आता पोचलं ना?"

पुण्यात नोकरी, मत गावाला

एसटीने रात्री पोचलो. लक्ष्मीदर्शन आदल्या संध्याकाळीच झालं होतं. आईने पाकीट परत केलं, पण वाटणारा पोरगा ते घेईना. रडवेला झाला. त्याच्या हातात यादी होती, आमच्या घरासमोर पोहोच झाल्याची खूण झालेली. परत नेलं तर वरचे म्हणणार, यानेच खाल्ले. शाळेत माझ्या मागच्या वर्गात होता तो. शेवटी आईने त्याच्या वरच्या माणसाला बोलावून त्याच्यासमोर पाकीट दिलं आणि पोराला जेवून जा म्हणाली.

ग्रामपंचायतीचं चालेल का? उत्तर महाराष्ट्र

बिनविरोधचं कौतुक ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, कुणाला विचारून बिनविरोध? जानेवारी 2021 मध्ये उमराणे आणि खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण पदांचा लिलाव झाल्याचं दिसलं. आमच्या गावात लिलाव नव्हता. देवळात बैठक झाली, नावं ठरली. वस्तीतलं कुणी बैठकीत नव्हतं. एका बाईने नुसता अर्ज भरला आणि मागे घेतला नाही, म्हणून गावाला मत देता आलं. पडली, पण मतं बरी पडली.

पुढच्या वेळी उभी राहायचा विचार आहे, विदर्भ

सगळं वाचलं. पैसा नाही, पॅनेल नाही. आतापासून काय करू? नगरसेविका ताई, तुम्ही सांगाल का?

माजी नगरसेविका, मराठवाडा

सांगते ना. मागच्या दोन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात तुमच्या प्रभागाचं कुठलं काम मंजूर झालं ते उतरवा आणि ते काम जागेवर आहे का बघून या, सोबत तिथली एक बाई घ्या. घरपट्टी-पाणीपट्टी दरवर्षी वेळेत भरा, पावत्या एका फाईलला लावा. जात पडताळणी बाकी असेल तर आजच अर्ज टाका, वेळ लागतो. आणि प्रारूप यादी लागेल तेव्हा फक्त स्वतःचं नाव बघून परत येऊ नका, पूर्ण गल्ली तपासा.