पाळकसाहेबांनी विचारलं "तयारी आहे का?" आणि मी सांगितलं, हो, बस उभी आहे

भांडुपचा_पाखरू:
सगळ्यांना जयख्रिस्त. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आमची आत्या गेली. 81 वर्षांची होती, शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हती, म्हणजे अचानक असं काही नाही. तिला शिवडीला आजोबांच्याच कबरीत ठेवायचं ठरलं, मुंबईत नवी जागा कुठून आणणार, घरची कबर आहे म्हणजे आम्ही नशीबवानच म्हणायचे. खोदताना घरचं कोणीतरी उभं पाहिजे असं काका म्हणाले म्हणून मी आणि चुलतभाऊ सकाळी साडेसातलाच पुढे गेलो. खोदणारा माणूस एकदम शांत, आधी तंबाखू मळली, मग कामाला लागला, आणि तासाभराने फावडं बाजूला ठेवून म्हणाला, "दादा, तुमचे जुने आले."

जुने म्हणजे आजोबा. 1991 ला गेले तेव्हा मी चौथीत होतो. परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, सहा फूट माणूस, उपासनेत गायला लागले की बाकीच्यांना तोंड हलवलं तरी चालायचं. त्या माणसाने हाताने एकेक हाड वेचलं, पांढऱ्या फडक्यात बांधलं आणि एका कडेला ठेवलं. बाजारातून आठवड्याची भाजी आणतो ना आपण, तेवढं गाठोडं. सोबत कोटाची दोन बटणं निघाली, चार भोकांची, जशीच्या तशी. एक मी खिशात टाकलं, का टाकलं विचारू नका, मलाच माहीत नाही.

मग दफनविधीला पाळकसाहेबांनी स्तोत्र 90 वाचलं. मोशेची प्रार्थना, माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, शक्ती असली तर ऐंशी. चुलतभाऊ कानात म्हणाला आत्याने एक वर्ष जास्तीचं काढलं, आणि मला तिथे कबरीच्या तोंडाशी हसू आलं. माफ करा पण आलं.

सगळं झाल्यावर गेटपाशी पाळकसाहेबांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "काय, तयारी आहे का?" मी म्हटलं, हो साहेब, बस उभी आहे, घरी चहा सांगितलाय. तर म्हणाले, "ती नाही हो."

तेव्हापासून झोप नाही. बाप्तिस्मा झालाय, दृढीकरण (मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली) झालंय, प्रभुभोजन चुकवत नाही, दशांश म्हणाल तर देतो पण दहावा भाग नसतो हे मला आणि देवाला माहीत आहे. पण आज रात्री बोलावणं आलं तर तयार आहे का, याचं उत्तर मला देता येत नाही. "विश्वास ठेव भाऊ" एवढंच लिहू नका प्लीज, तो आहे. तयारी म्हणजे नक्की करायचं काय असतं, ते कोणी सांगेल का? वय 44, बायको, दोन मुली. मोठा भाऊ मातीला आला नाही, पण तो वेगळा विषय आहे.

निवृत्त_सिस्टर:
बाळा, आधी एक सांगते, भीती वाटते म्हणजे विश्वास कच्चा असं काही नसतं. गेथशेमाने बागेत प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं लूकने लिहून ठेवलंय, त्याच्यापेक्षा आपण मोठे लागून गेलो का.

मी 34 वर्षं वॉर्डात काढली, जास्त करून नाइट ड्युटी, मरणं पुष्कळ बघितली. चर्चच्या मंडळीत ज्यांची प्रार्थना सगळ्यात लांब चालायची असे लोक शेवटच्या दोन रात्री माझा हात सोडायला तयार नव्हते, आणि ज्यांना मी कधी चर्चमध्ये पाहिलं नाही ते शांतपणे गेले, त्यामुळे यावरून मी काही अंदाज बांधत नाही. पण एक म्हातारी होती ती कधी विसरणार नाही. तिने मला जवळ बोलावून कपाटाची किल्ली दिली, म्हणाली उजवीकडचा खण, त्यात पांढरी साडी आहे, गायनं कुठली म्हणायची त्याचा कागद आहे, सून आली की दे. सगळं लावून ठेवलेलं. मग जरा वेळाने परत बेल वाजवली. मला वाटलं दम लागला. तर म्हणते, सिस्टर, त्या आयाबाईचे दोनशे रुपये राहिलेत माझ्याकडे, चहाला घेतले होते, ते उशीखाली आहेत ते तेवढे आत्ता द्या. मरणाचं तिला काही नव्हतं, ते दोनशे टोचत होते. पहाटे गेली.

आणि योहान 14 परत एकदा वाच. "मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो" असं प्रभू म्हणतो, म्हणजे मोठी तयारी त्याच्याकडे आहे, आपल्याकडे उशीखालचे दोनशे.

ट्रान्झिट_कॅम्प:
सिस्टर रागावू नका पण "जागा तयार करतो" हे आमच्या बिल्डरने पण सांगितलं होतं, चाळ पाडून अकरा वर्षं झाली 😄

निवृत्त_सिस्टर:
त्याने तुझ्यासाठी जीव दिला होता का रे? मग.

जागे_राहा:
इथे मस्करी चालली आहे आणि विषय सार्वकालिक जीवनाचा आहे. मत्तय 25 वाचा. नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारी, पाच शहाण्या पाच मूर्ख. नवरदेव आला तेव्हा मूर्खांच्या दिव्यात तेल नव्हतं, दुसऱ्यांनी दिलं नाही, विकत आणायला गेल्या तेवढ्यात दार बंद. आजोबांचा विश्वास, आत्याचा विश्वास, पाळकांची प्रार्थना, काही उसनं मिळत नाही. माणसाला एकदाच मरायचंय आणि मग न्याय, इब्री 9:27. दृढीकरणाचं सर्टिफिकेट दाखवून आत सोडत नाहीत. आजच गुडघे टेका, उद्या आपल्या हातात नाही. झोप उडाली असेल तर चांगलंच झालं, देवच उडवतोय.

गोराईकर_68:
आम्ही कॅथलिक, गावठणातले, त्यामुळे माझं थोडं वेगळं असणार, वाद नको.

आमच्याकडे ही आठवण दर वर्षी कपाळावर लावूनच मिळते. राखेच्या बुधवारी फादर राख लावतात, तू माती आहेस आणि मातीला परत जाशील. ती राख कशाची तर झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या नाचवत आणतो ना त्याच जाळून केलेली. म्हणजे काल होसान्ना आणि आज राख. मी सकाळी मिस्सा करून तसाच ऑफिसला जायचो, फेरीबोट, मग बोरिवलीहून गाडी, आणि दर वर्षी कोणीतरी भला माणूस रुमाल पुढे करायचा, अंकल कपाळाला काळं लागलंय. आता मरणाची आठवण लागलीय असं कसं सांगणार त्याला, मी आपला थँक्यू म्हणायचो.

तुमचं गाठोड्याचं वाचून विशेष काही वाटलं नाही, आमच्या चर्चच्या आवारात तर कायमची कबर अशी नसतेच, जागाच नाही, थोड्या वर्षांनी उकरतात, हाडं भिंतीतल्या कप्प्यात आणि खड्डा पुढच्या माणसाला. 2 नोव्हेंबरला सगळं गाव मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन तिथे, पोरं मेण गोळा करून गोळे करतात, बायका तिथेच गप्पा मारतात. आम्हाला मेलेल्यांची सवय आहे म्हणा. माझ्या वडलांनी तर सांगून ठेवलेलं, मला जाळा, जागा अडवू नका, चर्चने 1963 पासून परवानगी दिलीय, कुणी काही बोलणार नाही. काकी बोललीच.

करायचं काय विचारताय तर मी एकच करतो, संत इग्नेशियस लोयोलाची जुनी पद्धत आहे, झोपायच्या आधी पाच मिनिटं दिवस उलटा बघायचा. कुठे देव भेटला, कुठे मी माती खाल्ली. कोणाशी वाकडं बोललो असेन तर सकाळी पहिला फोन त्याला. साठी उलटली तरी आठवड्यातून दोन फोन लागतातच.

काळा_डगला:
मी वकील, मंडळी भायखळ्याची, तेव्हा माझ्याकडून कोरडंच मिळणार.

यशया 38 मध्ये हिज्कीया राजा आजारी पडतो तेव्हा संदेष्टा त्याला काय सांगतो? आपल्या घराची व्यवस्था कर, कारण तू मरणार. तो भिंतीकडे तोंड करून रडला, त्याला 15 वर्षं वाढवून मिळाली, आपल्याला मिळतीलच असं नाही. तेव्हा मृत्युपत्र करा. ख्रिस्ती माणसाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर तुमच्या केसमध्ये पत्नीला एक तृतीयांश आणि मुलींना मिळून दोन तृतीयांश. करायचं असेल तर साधा कागदही चालतो, तुमची सही आणि दोन साक्षीदार, मात्र ज्याला काही देताय त्याला किंवा त्याच्या नवराबायकोला साक्षीदार करू नका, त्याचा वाटा बाद होतो. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झालं की रद्द, हेही लोकांना माहीत नसतं. आणि सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नाही, यावर माझ्या ऑफिसात आठवड्याला एक तरी रडारड होते.

आता जे विचारलं नाहीत ते. मूर्ख श्रीमंताचा दाखला सगळ्यांना पाठ असतो, पीक जास्त आलं, तो म्हणतो जुनी कोठारं पाडून मोठी बांधतो (रिडेव्हलपमेंटच ती), आणि देव म्हणतो आज रात्रीच तुझा जीव मागतील, मग हे कोणाचं? पण हा दाखला प्रभूने सांगितला कशावरून, ते दोन ओळी वर असतं आणि तिथून कोणी सुरुवात करत नाही. लूक 12:13. गर्दीतला एक माणूस म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाची वाटणी कर म्हणून. प्रभू त्याला म्हणतो, मला तुमची वाटणी करायला कोणी नेमलंय? आणि मग दाखला. म्हणजे तो माणूस चुकीचं मागत होता असंही नाही, वाटा त्याचा असेलही. पंचवीस वर्षं मी अशीच माणसं बघतोय, बरेचदा दोघंही कायद्याने बरोबर असतात.

तुमचा तो "वेगळा विषय" मला काही वेगळा दिसत नाही.

मेणबत्ती_गल्ली:
मी ख्रिस्ती नाही, सहज वाचत होते. सिस्टरांची म्हातारी वाचून आमची आजी आठवली, तिने स्वतःच्या तेराव्याचे पैसे तांदळाच्या डब्यात पुरचुंडी करून ठेवले होते आणि वर चिठ्ठी, की जेवणात शिरा करा, बुंदी नको, बुंदी कोणी खात नाही. भांडुपवाले दादा, काळजी घ्या, झोपेची गोळी वगैरे लागली तर डॉक्टरना विचारून घ्या.

निवृत्त_सिस्टर:
जागे_राहा भाऊ, तुमचं तेलाचं अगदी बरोबर, ते उसनं मिळत नाही. पण तोच अध्याय नीट वाचा, नवरदेव यायला उशीर झाला तेव्हा सगळ्यांना डुलक्या लागल्या असं लिहिलंय. सगळ्यांना. शहाण्या पाच पण झोपल्या होत्या. फरक तेलाचा होता, झोपेचा नाही. ह्या मुलाला झोपू द्या.

भांडुपचा_पाखरू:
सगळ्यांचे आभार. सिस्टर, दहाच्या दहा झोपल्या होत्या हे मी इतक्या वर्षांत कधी वाचलंच नव्हतं, त्या रात्री पाच तास झोपलो.

वकीलसाहेब, बरोबर पकडलंत. घरावरूनच आहे. आईबाबांची खोली विकली तेव्हापासून, नऊ वर्षं झाली. वाटणी कायद्याने बरोबरच झाली होती, मीच केली होती, कागद माझ्याकडे आहेत, आणि पहिली दोन वर्षं मी ते कागद कोणालाही काढून दाखवायचो. त्याची नोकरी गेलेली होती तेव्हा आणि त्याने फक्त सहा महिने थांब म्हटलेलं. मी थांबलो नाही.

पाळकसाहेबांना फोन केला की मध्ये पडता का, ते म्हणाले बघतो, पण आधी तू कर. फोन करायची हिंमत झाली नाही. व्हॉट्सअॅपवर काय लिहायचं सुचेना, चार वेळा टाइप करून पुसलं, शेवटी त्या बटणाचा फोटो काढून पाठवला, हातावर ठेवून. खाली काही लिहिलं नाही. निळी टिक आली आणि दोन दिवस काही नाही.

काल रात्री पावणेबाराला मेसेज आला. "हे बाबांच्या बाबांच्या कोटाचं?" मी म्हटलं हो, तपकिरी कोटाचं. लगेच उत्तर, "तपकिरी नव्हता. काळा होता. तुला काय आठवतंय, तू चौथीत होतास." मी म्हटलं तपकिरीच होता, ख्रिसमसच्या फोटोत आहे. तो म्हणतो तो फोटोच जुना होऊन तपकिरी पडलाय.

दीड वाजेपर्यंत भांडत होतो. शनिवारी शिवडीला भेटतोय, दुसरं बटण त्या गाठोड्याबरोबर खाली गेलं का विचारतोय, आणि फोटो घेऊन ये म्हणालाय.