गेमच्या डिस्क भाड्याने देण्यावर बंदी असावी का?

प्रश्न: दादरला आमच्या गल्लीतील दुकानात चार हजारांची डिस्क आठवड्याला दोनशे रुपयांनी मिळते आणि मुलगा ती शर्टाच्या टोकाने पुसूनच कन्सोलमध्ये (गेम खेळण्याच्या यंत्रात) घालतो. हा व्यवहार बंद व्हावा का?

प्रतिसाद १: भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार संगणक प्रोग्राम, म्हणजे सॉफ्टवेअर, व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचाच आहे. अमेरिकेने मात्र १९९० मध्ये सॉफ्टवेअरच्या भाड्यावर निर्बंध आणताना कन्सोलवरील गेमना त्यातून मुद्दाम वगळले. आपणही तसेच करावे.

प्रतिसाद २: मी सहमत नाही. कथाप्रधान गेम दोन-तीन दिवसांत संपतो, मग तो विकत कोण घेणार? निर्मात्याला भाड्यातील वाटा मिळत असेल, तर परवानगी खुशाल द्यावी.

प्रश्नकर्ता: वाट्याची कल्पना मला पटते, कारण सरसकट बंदी आली तर आमच्यासारख्या घरांत हे गेम येणारच नाहीत.